चौथा चरण

७ सप्टेंबर, रविवार

पुण्याहून भास्करचा फोन. भास्कर माझा संपादक. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, मला 'सर' म्हणतो आणि त्या एका शब्दाच्या बळावर हवं ते काम करून घेतो.

"सर, निवडणुका झाल्या, कारखाने झाले, पेन्शन झालं. आता ती अमेरिकेतली मालिका लिहा. सगळं पुणं बघतंय. दर आठवड्याला एक भाग, एक लेख."

"अमेरिकेतल्या खुनावर हॅम्बर्गमधून कशाला?"

"तुमची शैली, सर."

शैली. या शब्दाने मला आजवर फार राबवलं आहे.

रात्रीच्या जेवणाआधी मीनल आणि मी पहिला भाग पाहिला. खऱ्या गुन्ह्यावर बेतलेलं, नावं बदललेली. युटाच्या वाळवंटातलं एक गाव. मॉर्मन लोकांच्या मुख्य चर्चने बहुपत्नीत्व शंभराहून जास्त वर्षांपूर्वी सोडलं. ज्यांना ते सोडणं हाच अधर्म वाटला, असा एक फुटून निघालेला कबिला तिथे राहतो. कबिल्याचा म्हातारा विहिरी खोदायचा धंदा करतो आणि त्याला देवाचे आदेश येतात. मधला मुलगा ते टाइप करून घरोघर वाटतो. दहाव्या मिनिटाला म्हाताऱ्याची धाकटी सून, शाळेत शिकवणारी, कोरड्या कालव्यात मेलेली सापडते. तिचा एक बूट जागेवर आहे, दुसरा दोनशे पावलांवर. त्या दुसऱ्या बुटाकडे कॅमेरा इतका वेळ थांबला की माझ्या हातातला चहा गार झाला.

"तिने काय केलं होतं?" मीनलने विचारलं.

"प्रश्न विचारले, असं दिसतं."

लेखात लिहिलं: 'गाडी चालवणारी, कर भरणारी, चष्म्याचा नंबर वेळच्या वेळी तपासून घेणारी माणसं एका टाइप केलेल्या कागदाला देवाचा आवाज कशी मानतात, हे अटलांटिकच्या या बाजूने समजणं कठीण आहे.' वाक्य बरं उतरलं आहे. दोनदा वाचलं.

१४ सप्टेंबर, रविवार

चंद्रशेखर घरी येऊन गेला. कॉलेजपासूनचा मित्र, इथे विमानांच्या दारांचा इंजिनियर. एप्रिलमध्ये हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यातून वाचला. तेव्हापासून पहाटे चारला उठून बसतो. मला वाटत होतं प्राणायाम असेल.

"वासू, मला ऐकू येतं," तो म्हणाला.

"काय?"

"सूचना."

"कोणाच्या?"

"ते अजून सांगितलेलं नाही."

आयुष्यभर विमानाचं दार कसं उघडावं आणि कधी उघडू नये याच्या सूचना लिहिलेला माणूस. त्याला दुसरं काय ऐकू येणार. तसं मी म्हटलंही, तो हसला. चंदूचं हसणं चांगलं आहे, ऑपरेशननंतर तर फारच निवांत झालंय.

काम असं होतं: जे ऐकू आलं त्याचा एक श्लोक करून हवा. एक घर, एक चूल, आणि घरात एक वाणी, जी सगळ्यांनी ऐकावी. नवरात्रात घटाशेजारी लावायचा आहे.

पाठशाळेत सात वर्षं काढल्याचा इथे हा एवढाच उपयोग. कोणाची साठी, कोणाचं बारसं, कोणाच्या घराची वास्तुशांत, की फोन येतो: वासुदेवराव, चार ओळी. एका निवृत्त होणाऱ्या जर्मन दंतवैद्यालाही मी वसंततिलकेत निरोप दिला आहे. रांगोळी येणाऱ्या बाईला जसं सगळे बोलावतात, तसं माझं आहे. संस्कृतात असलं की भिंतीला बरं दिसतं.

हो म्हटलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

श्लोक एस-बानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, झाला. आल्टोनाला जागा मिळाली, होल्स्टनश्ट्रासेपर्यंत दीड ओळ:

एकं गृहं च चुल्ली च वाणी चैका कुले भवेत् ।
शृणुयात् तां सदा सर्वः

इथे चंदूचं सामान संपलं. घर, चूल, वाणी, ऐकणं. तीन चरण भरले आणि चौथा रिकामा. आठ अक्षरं हवीत. श्लोक तीन पायांवर उभा करता येत नाही. स्मृतिग्रंथांत शेवटी एक ठसकेबाज शेपूट असतं, कोणालातरी बाहेर काढणारं, तसं काहीतरी घालावं म्हटलं. डामटोर यायच्या आत झालं:

संशयानं विवर्जयेत् ॥

शंका घेणाऱ्याला वर्ज्य करावे. वजनदार. जुनं वाटतं. कोणालाही हजार वर्षांपूर्वीचं म्हणून खपवता येईल.

व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन मिनिटांत चंदूचं उत्तर: "हेच. शेवटचं तर शब्दशः असंच ऐकू आलं होतं. तुला सांगायचं राहून गेलं होतं."

मीनलला वाचून दाखवलं. "बघ गंमत. मी भरतीला घातलेलंच त्याला ऐकू आलं होतं."

"गंमत कसली त्यात?" ती म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. मीनलला विनोद पोचायला जरा वेळ लागतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घटस्थापनेला फेरीबोटीने एल्बे नदीपलीकडे फिंकनवेर्डरला. चंदू आणि त्याचा धाकटा भाऊ क्षितिज तिथे लागून लागून राहतात, एकाच रांगेतली दोन घरं. मधलं कुंपण काढलंय. क्षितिजच्या स्वयंपाकघरात शेगडीवर पांढरी चादर घातलेली. "एक चूल," चंदूची बायको सुधा म्हणाली, "तुमच्याच शब्दांत." मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

श्लोक दारापेक्षा उंच कापडावर छापून घेतला आहे. सोनेरी अक्षरं. आजवर माझं इतक्या मोठ्या टायपात काही छापलेलं नाही. चार कुटुंबं, तेरा माणसं, एकवीस आवर्तनं. क्षितिजची अन्वी सात वर्षांची आहे. मराठी समजतं पण उत्तर जर्मनमध्येच देते. तिचे उच्चार सगळ्यांत स्वच्छ. 'संशयानं' मधला अनुस्वार पुण्याच्या पोरांनाही इतका जमत नाही.

क्षितिजची बायको ऊर्मिला टेलिकॉममध्ये आहे, मोकळी बोलणारी. सगळ्यांसमोर मला विचारलं, "वासुदेवदादा, हे कुठल्या ग्रंथातलं?"

मी तोंड उघडायच्या आत चंदू म्हणाला, "ग्रंथातलं नाही. आलेलं आहे."

"कुठून आलेलं?"

"ऊर्मिला," क्षितिज म्हणाला. नुसतं नाव.

चंदूने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. आपल्या कामाबद्दल आपण होऊन बोलू नये, एवढा विनय माझ्यात आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

चौथा भाग. पोलीस त्या टाइप करणाऱ्या मधल्या मुलाला खोलीत बसवतात. दीडशे आदेश त्याच्या हातून गेले आहेत. शेवटच्या आदेशात धाकट्या सुनेचं नाव आहे. त्याचं एकच पालुपद: मी फक्त टाइप केलं. पोलीसबाई विचारते, स्वल्पविराम कोणाचे? तो म्हणतो, माझे. 'बाबा एका दमात बोलायचे, मी नीट करायचो.' मग त्याला नाक पुसायला कागदी रुमाल देतात आणि तो वापरून झाल्यावर टाकण्याऐवजी घडी घालून खिशात ठेवतो.

लेख एका बैठकीत झाला. 'खुन्यांची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती नीटनेटकं करून देणाऱ्या या माणसाची. त्याला आपल्या कामाचा अर्थ कळत नव्हता असं समजायला मी तयार नाही.'

भास्करने लगेच अंगठा पाठवला. मागोमाग: "सर, हा सगळ्यात धारदार."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा, आज इथली सुट्टी, म्हणून सोनं वाटायला आज जमलो. आपटा इथे मिळत नाही; बर्चची पानं. ऊर्मिलाने सुधापुढे पान धरलं. सुधाने ते घेतलं नाही. नाकारलंही नाही. पान, हात आणि ऊर्मिला, तिन्ही नसल्यासारखी ती बाजूच्या बाईशी बासुंदीबद्दल बोलत राहिली. मग ऊर्मिला दुसऱ्यांकडे गेली, मग तिसऱ्यांकडे. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात सगळी पानं तशीच होती. मी घेतलं आणि म्हटलं, "एवढं सोनं शिल्लक म्हणजे श्रीमंत आहेस." ती हसली नाही.

जेवताना अन्वी ताट घेऊन आईला वळसा घालून गेली. ऊर्मिला जिन्याच्या पायरीवर बसली होती. मीनल आपलं ताट घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसली.

परतीच्या फेरीवर मीनल म्हणाली, "तिच्याशी घरात कोणी बोलत नाही. दहा दिवस झाले."

"जावाजावांचं असेल काही."

"अहो, नवराही बोलत नाही. पोरगी बोलत नाही. ती कामावर जाते, परत येते, आणि त्या चादर घातलेल्या शेगडीशेजारी उभ्याने ब्रेड खाते. चंद्रशेखरभाऊजींनी अन्वीची शाळेतली पोहायची शिकवणी बंद केली, ही विचारायला गेली का म्हणून. तेव्हापासून."

"चंदू असा नाही."

"मी चंद्रशेखरभाऊजींबद्दल कुठे बोलतेय?"

मी पाण्याकडे बघत राहिलो. एल्बेवर बघायला नेहमीच काहीतरी असतं, ही या गावाची मोठी सोय आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऊर्मिलाचा मेसेज आला, आल्टोना स्टेशनच्या बेकरीत भेटाल का. भेटलो. तिने कोट काढला नाही.

"दादा, मला संस्कृत येत नाही. आठवीत जर्मन घेतलं होतं, मार्कांसाठी." फोनवर त्या कापडाचा फोटो. "क्षितिज पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला, यात लिहिलंय. काय लिहिलंय ते मला कोणी सांगत नाही, कारण माझ्याशी कोणी बोलत नाही. तुम्ही शब्दशः सांगा."

मी सांगितलं. एक घर, एक चूल, एक वाणी. सगळ्यांनी ऐकावी.

"आणि शेवटचं?"

पावाच्या भट्टीचा गजर वाजत होता. मी म्हटलं, "शंका मनातून काढून टाकाव्यात, असं."

"शंका. माणूस नाही?"

"नाही, नाही."

"नक्की?"

"आल्झो, म्हणजे साधारण असाच अर्थ."

तिने डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी बूट काढावेत तसा तिचा चेहरा सैल झाला. "मग क्षितिजला सांगते. वासुदेवदादांनी सांगितलं म्हटल्यावर ऐकेल. तुम्हाला ते फार मानतात."

कॉफीचे पैसे तिने दिले. मी देऊ दिले.

पाठशाळेत आम्हाला सगळ्या चुकांना नावं होती. आज मी जे केलं त्याचं नाव आठवत नाही. आठवतंय, पण लिहीत नाही. खोटं बोललो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भास्करला लेख हवा म्हणून पुढचा भाग लावला. खुनाच्या आधीचा एक महिना. कबिल्याच्या लांब टेबलापासून सहा फुटांवर एक लहान टेबल मांडतात. धाकट्या सुनेचं ताट तिथे. कोणी रागावलेलं नाही. सगळे प्रार्थना म्हणतात, मीठ पुढे सरकवतात. तिची स्वतःची मुलगी पाण्याचा जग घेऊन सगळ्यांना वाढते आणि लहान टेबलाजवळ आली की वळते.

मीनलने टीव्ही बंद केला. मीच करणार होतो.

"चौथा चरण माझा आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. तुम्हीच वाचून दाखवलात. हसत होतात."

"मग तू ऊर्मिलाला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." रिमोट खाली ठेवून, "बेकरीतून आलात तेव्हा मला वाटलं, सांगून आलात."

लेख झाला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सांगून आलो. काय घडलं ते जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आवर्तनं चालू असताना पोचलो. ऊर्मिला नव्हती. आवर्तनं संपल्यावर उभा राहिलो आणि म्हटलं, हा श्लोक मी केला आहे. सोळा सप्टेंबरला, एस-बानमध्ये. पहिले तीन चरण चंद्रशेखरने जे सांगितलं त्याचे. चौथा कोणीही सांगितला नव्हता. जागा रिकामी होती म्हणून मी भरला. त्याच्यामागे काही नाही. तो देवाचा नाही, कोणाचाच नाही. माझा आहे, आणि मला तो परत हवा आहे.

वाटलं होतं आरडाओरडा होईल. निदान कोणीतरी उठून जाईल.

चंदू ते नेहमीचं चांगलं हसला. "वासू, बस. तुला चौथा चरण कुठून सुचला?"

"सांगितलं ना. गाडीत."

"गाडीत बसला होतास ते खरं. सुचला कुठून?"

कुठून सुचतो म्हणजे काय? तीस वर्षं श्लोक करतोय, हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"जागा रिकामी होती," चंदू सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आणि ती ज्याने भरली त्याला स्वतःलाही माहीत नाही कशी भरली. मला चार वाजता तेच शब्द ऐकू आले होते. मी त्याला सांगितले नव्हते. गेनाऊ, अगदी तेच."

"तू मी पाठवल्यावर म्हणालास तसं."

"आधी म्हणालो असतो तर तू विश्वास ठेवला असतास का?"

मग सुधावहिनी उठल्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. पदर खांद्यावर घेऊन पुढे आल्या आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो तर मागे खुर्ची. त्यांच्यामागे क्षितिज. त्याच्यामागे बाकीचे, रांगेने. एक मुलगा फोनवर चित्रीकरण करत होता. एकीने वही काढून मी आत्ता जे बोललो ते लिहून घेतलं. 'मला तो परत हवा आहे' याच्याखाली तिने रेघ मारलेली मी पाहिली.

शेवटी अन्वी आली. गुडघे टेकून डोकं माझ्या पायांवर ठेवलं. मी तिला उचललं. ती म्हणाली, "पापा म्हणतो तू आहेस तो." जर्मनमध्ये म्हणाली. डू बिस्ट एस.

दारात बूट चढवले आणि नाडी न बांधताच फेरीपर्यंत धावलो. चोपन्न वर्षांचा, पोट सुटलेला ऋषी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ऊर्मिला आमच्या दारात. सामान नाही, फक्त ऑफिसची बॅग. अन्वीच्या शाळेतून तिला फोन आला होता: नाव काढून घेण्याच्या अर्जावर आईची सही राहिली आहे, शुक्रवारपर्यंत आणून द्याल का? कसला अर्ज तिला माहीत नव्हतं. घरी क्षितिजच्या कपाटात तिकिटं सापडली. शनिवार, अठरा तारीख, शरद सुट्टीचा पहिला दिवस. क्षितिज आणि अन्वी. हॅम्बर्ग ते मुंबई. परतीचं नाही. नाशिकजवळ एक फार्महाऊस घेतलंय, तिथे 'कुल' उभं राहणार आहे.

"मी बुधवारी क्षितिजला तुमचा अर्थ सांगितला," ती म्हणाली. "तो चंद्रशेखरदादांकडे गेला. त्यांनी त्याला खरा अर्थ सांगितला. मी दारातून ऐकलं, म्हणाले, बघ, आता ती वासुदेवच्या तोंडी खोटं घालते. त्याच दिवशी तिकिटं काढली."

मी उभाच होतो. मीनल माझ्याकडे बघत होती. तिची तशी नजर लग्नानंतर दोनदा-तीनदाच पाहिली असेल.

सांगितलं सगळं. एस-बान, रिकामी जागा, बेकरी.

ऊर्मिलाने बॅग जमिनीवर ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोनदा लिहिलंत. एकदा श्लोक, एकदा अर्थ."

"हो."

"बरं. आता तिसऱ्यांदा लिहून द्याल का? वकिलाला?"

मला वाटतं तिने ओरडायला हवं होतं. माझी सोय झाली असती.

दुपारी वकीलबाईंकडे. शपथेवरचं निवेदन: श्लोक कधी रचला, कोणासाठी, कोणता चरण कोणाचा, अर्थ काय. व्हॉट्सॲपचे मेसेज तारखांसकट. वकीलबाईंनी विचारलं, "हा मजकूर समाजात पवित्र मानला जातो का?" म्हटलं, सत्तावीस दिवसांपूर्वी तो अस्तित्वात नव्हता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि वाक्य तसंच घेतलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कौटुंबिक न्यायालय, तातडीची सुनावणी. लहान खोली, पाण्याच्या बाटल्या, न्यायाधीशबाई माझ्या वयाच्या. क्षितिज सूट घालून आला होता. सभ्य, निगुतीने बोलणारा, बारा वर्षं इथे कर भरणारा इंजिनियर. त्याच्या चष्म्याचा नंबरही बरोबर असणार.

न्यायाधीशबाईंनी मला शेवटची ओळ आधी मूळ भाषेत वाचायला सांगितली. वाचली. सवयीने लयीत वाचली. वेगळी वाचता येईना. मग म्हणाल्या, आता जर्मनमध्ये.

मी सांगितलं: जो शंका घेतो, त्याला टाळावं. बाहेर ठेवावं.

"तुमच्या मते हे कोणाला उद्देशून आहे?"

"रचलं तेव्हा कोणालाच नाही."

"आणि आता?"

ऊर्मिला माझ्या डावीकडे दोन हातांवर बसली होती. म्हटलं, "या बाईंना."

क्षितिजने शांतपणे सांगितलं की, वासुदेवदादांना स्वतःचं स्थान अजून कळलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या निवेदनाचा राग नाही. न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं. मला वाटतं अख्ख्या सुनावणीत निकाल त्या क्षणी झाला.

अन्वीचा पासपोर्ट कोर्टात जमा. देशाबाहेर नेण्यास मनाई. पुढच्या सुनावणीपर्यंत मूल आईकडे, फिंकनवेर्डरच्या घराबाहेर. आई सध्या कुठे राहील? मीनल मागून म्हणाली, आमच्याकडे.

बाहेर व्हरांड्यात चंदू बाकावर बसला होता. जवळ आला. मी अंग आवळलं. तो म्हणाला, "जेवलास का? सुधाने डबा दिलाय, दोघांचा आहे." त्याच्या डोळ्यांत राग शोधला, मिळाला नाही. विमानांच्या दारांबद्दल बोलताना असायचे तसेच डोळे. रागावला असता तर मी आज झोपलो असतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

अन्वी शुक्रवारी आली. एक सॅक, एक कापडी घुबड. पहिल्या दिवशी सॅकही खांद्यावरून काढली नाही.

ती आईच्या हातचं खात नाही. रडत नाही, हट्ट करत नाही. ऊर्मिलाने ताट पुढे ठेवलं की हात मांडीवर घेऊन बसते. काल दुपारी ऊर्मिलाने भात कालवला आणि मुकाट्याने माझ्या हातात दिला. मी अन्वीपुढे ठेवला. तिने सगळा खाल्ला, ताट चाटून. पाच जेवणं झाली अशी. ऊर्मिला कालवते, मी ठेवतो, ती खाते. मीनलच्या हातून नाही. माझ्याच.

भास्करचा मेसेज: "सर, शेवटचे दोन भाग राहिलेत, वाचक विचारतायत." त्याला कळवलं, त्या टाइप करणाऱ्या माणसाबद्दल मी जे लिहिलं ते छापलेलं राहू दे, बदलू नको. पुढचं मला जमणार नाही. त्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना. म्हटलं, हो, हो, बरी आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दुपारचं जेवण. ऊर्मिलाने ताट माझ्याकडे दिलं नाही. स्वतः अन्वीपुढे ठेवलं आणि समोर बसली. वरणभात, तूप, वर मेतकूट. अन्वीने हात मांडीवर घेतले. मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, ते तूच लिहिलंस ना?" जर्मनमध्ये, पण 'काका' मराठीत.

"हो, बाळा."

"मग नवीन लिही. मामाच्या हातचं चालतं असं लिही." इथल्या सगळ्या पोरांसारखी ती आईला मामा म्हणते. "मग मी खाईन. मला भूक लागलीय."

किती सोपं होतं. आठ अक्षरं. पोरगी जेवेल, आई जेवेल, आणि पहिल्यांदाच माझ्या हातून कोणाचं भलं होईल. मी ऊर्मिलाकडे पाहिलं. तिलाही ते दिसलं असणार, कारण तिने ताटाची कड घट्ट धरली होती. चार आठवड्यांत मूल तिच्याशी नीट बोललेलं नाही. एका ओळीचा प्रश्न होता.

"नको, दादा," ती म्हणाली.

"ऊर्मिला, एकदाच."

"आज तुम्ही लिहाल, ती ऐकेल. उद्या चार वाजता तिकडे दुसरं कोणी लिहील, तेही ऐकेल. नको. मी बसते."

अन्वीला मराठी समजतं. ती आईकडे बघत राहिली.

ऊर्मिला बसली. मीनलने मला खुणेने उठायला सांगितलं, म्हणून उठून या खोलीत आलो. पाऊण तास झाला. भिंतीपलीकडे अजून भांडं वाजलेलं नाही, खुर्चीही सरकलेली नाही. दोघी तशाच समोरासमोर असणार, मधे गार झालेला भात.

मी तो श्लोक लिहिलेला नाही. पण खरं लिहायचं तर, तिने 'नको' म्हणायच्या आत तो झाला होता. चारही चरण, निर्दोष, विचारलं तर कुठून आला सांगता येणार नाही असा. अजून डोक्यात वाजतो आहे.

इथेही उतरवत नाही.